मागे बघणारी बाई

त्या बेटावर तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला मागची म्हणायचे. बोटीत नवरा पुढे बसायचा, तोंड समुद्राकडे. ही त्याच्या पाठीला पाठ लावून मागे बसायची, तोंड दोराकडे. दोराच्या टोकाला हवा भरलेली गोल रबरी चकती, आणि चकतीवर पालथी पडलेली दोन-तीन गिऱ्हाइकं, बोंबलत. नवरा बोट पळवायचा, चकती लाटांवरून आपटत यायची, आणि वरची माणसं धड आहेत की नाहीत हे बघायचं काम हिचं. म्हणून मागची. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलं नव्हतं, पण चिकटलं ते चिकटलं.

आता हे काय काम झालं, असं कुणी म्हणेल. बसून तर राहायचं. असं म्हणणारे बरेच आले आणि त्यातल्या काहींची तिने चांगली जिरवली, ते पुढे येईलच.

आधी काम समजून घ्या. बोट चालवणाऱ्याने मागे बघायचं नसतं. पुढे खडक असतात, पोहणाऱ्यांची डोकी असतात, दुसऱ्यांच्या होड्या असतात. तेव्हा मागचं सगळं मागे बसणाऱ्याच्या डोळ्यांवर. आणि त्या किनाऱ्याचा एक रिवाज होता, की ओरडणं धरायचं नाही. चकतीवर बसलेला प्रत्येक माणूस ओरडतो. थांबवा, मेलो, आई गं, असं गळा फाटेपर्यंत ओरडतो आणि वाळूवर उतरल्यावर म्हणतो, परत एकदा. त्यामुळे चढण्याआधीच सांगून ठेवायचं. अंगठा वर केला तर अजून जोरात. पंजा डोक्यावर ठेवला तर थांबायचं. डोक्यावर हात दिसला की मागची म्हणणार, “थांब.” नवरा इंजिनाचा जोर सोडणार. हात नसेल तर म्हणणार, “चल.” एवढंच बोलणं. घरात ती नवऱ्याला अहो-जाहो करायची, मान खाली घालून, चारचौघींसारखी. पण बोटीत इंजिनाच्या आवाजात अहो कुठून ऐकू जाणार? तिथे चल आणि थांब. आणि तो मुकाट ऐकायचा. एवढा आडदांड गडी, किनाऱ्यावर कुणाच्या बापाला न भिणारा, पण हिने पाठीमागून थांब म्हटलं की थांबायचा, चल म्हटलं की चालायचा. त्या अरुंद फळीवर बसल्या बसल्या तिला जे काही मिळत होतं ते आख्ख्या जन्मात दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं. हे ती कुणाला बोलली नाही. बोलण्यासारखं ते नव्हतंच.

फळी मिळण्याआधी ती घराच्या मागच्या मोरीत होती. घर म्हणजे किनाऱ्यावरची पत्र्याची शेड आणि शेडच्या पाठीला दोन खोल्या. शेडमध्ये लाइफ जॅकेटं, पाण्यात घालायचे चष्मे आणि नळ्या, वल्हवायच्या प्लास्टिकच्या होड्या. तिथे राज्य थोरल्या जावेचं. कुणाला कुठलं जॅकेट द्यायचं, कपडे बदलायच्या खोलीची किल्ली कुणाला द्यायची, सगळं तिच्या हातात. आणि गिऱ्हाइकांनी काढून टाकलेली ओली जॅकेटं गोड्या पाण्याने धुवायची ती धाकटीने. खारं पाणी तसंच राहिलं तर बकलं गंजतात, पट्टे कडक होतात, आणि आत बुरशी धरली की असा काही वास सुटतो की माणसाने जॅकेट घालण्यापेक्षा बुडणं पत्करावं. टबात बुचकळायचं, पिळायचं, पट्टे उलटे करून दोरीवर टाकायचे. संध्याकाळपर्यंत बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या आणि चिरांत मीठ जायचं. जाऊ स्टुलावर बसून म्हणायची, “नीट पिळ गं. तुझ्या माहेरी पाणी पिळायला शिकवलं नाही वाटतं.”

माहेर तिचं बेटाच्या पाठीमागच्या अंगाला. तिथे वाळू नाही, नुसता खडक. बाप खडकावरचे शिंपले काढायचा. लेक चालायला लागली तसं त्याने तिला कंबरेला दोरी बांधून पाण्यात टाकलं, आणि हातपाय मारायला लागली तशी दोरी सोडली. शिकवण्याची पद्धत एवढीच. रडली तर वर काढायचा नाही, दमली तर काढायचा. पोर पोहायला अशी शिकली की पुढे माशांनी बाजूला व्हावं. लग्न होऊन वाळूच्या बाजूला आली तेव्हा तिने बघितलं, इथे पलीकडच्या मोठ्या किनाऱ्यावरून सकाळच्या लाँचने माणसं येतात, अंगाला घट्ट काळे पोशाख चढवतात, उघड्या समुद्रात पोहतात आणि बाहेर येऊन एकमेकांना सांगतात की आज जगल्यासारखं वाटलं. तिला हसू आवरेना. पाण्यात पोहल्याचं एवढं कौतुक? पण तीही जायची. उजाडता उजाडता, जाऊ उठायच्या आत, जुन्या कपड्यांत, समोरच्या दाढेपर्यंत आणि परत. दाढ म्हणजे उघड्या पाण्यात एकटाच वर आलेला खडक, खालून किडलेल्या दाढेसारखा पोखरलेला. तिथे ओढ वाईट. ओहोटीला पाणी असं बाहेर खेचतं की पोहणारा जागच्या जागी हात मारत राहतो आणि किनारा मागे जातो. मागचीला ती ओढ ठाऊक होती. तिच्याशी भांडायचं नाही, तिरकं जायचं.

मागे बसायचं काम आधी थोरल्या दिराचं होतं. तो एकदा मोठ्या किनाऱ्यावर इंजिनाचे सुटे भाग आणायला गेला आणि तिकडेच राहिला. नोकरी लागली म्हणे. आणखी काय काय लागलं याच्या वावड्या लाँचबरोबर यायच्या. जाऊ मूग गिळून बसली आणि सगळा राग धाकटीवर निघू लागला. बंदराच्या ऑफिसचा नियम होता, की दोराने माणसं ओढायची तर मागे बघायला कुणीतरी हवं. नवरा इकडे तिकडे माणूस शोधत राहिला आणि शेवटी त्याच्या लक्षात आलं की घरात एक आहे. “बस मागे,” तो म्हणाला, “डोळे उघडे ठेव.” ही बसली. पहिल्या दिवशी हिने थांब म्हटलं आणि बोट थांबली, तेव्हा हिच्या अंगावर काटा आला. जॅकेटं धुवायला जावेने रोजावर बाई ठेवली आणि त्या दिवसापासून धाकटीशी बोलणं टाकलं. तिला वाटायचं, ही तिच्या नवऱ्याच्या जागेवर बसली. चुकीचंही नव्हतं ते.

चांगली कितीतरी वर्षं मागचीने काम चोख केलं. कुणाचा हात डोक्याकडे नुसता निघाला तरी तिच्या तोंडून थांब निघायचं. मग हळूहळू तिला चव लागली. कसली, ते सांगतो.

एकदा एक तरुण आला, मित्रांचं टोळकं घेऊन. बोटीत पाय ठेवताना हिच्याकडे बघून म्हणाला, “ही काय करते? शोभेला ठेवली का?” टोळकं खिदळलं. चकतीवर त्याचा जीव दोन फेऱ्यांतच घाबरा झाला आणि पंजा डोक्यावर आला. मागचीने बघितलं. स्पष्ट बघितलं. आणि म्हणाली, “चल.” पुढचा एक वळसा पुरा होईतो तो हात डोक्यावर आपटत होता, आणि हिच्या डोळ्यांत बघत होता. मग म्हणाली, “थांब.” तो वाळूवर जाऊन ओकला. हिला कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? मागे बघणारी ही एकटीच. हिने हात बघितला म्हटलं तर बघितला, नाही म्हटलं तर नाही.

त्यानंतर तिने हिशेब चुकते करायला सुरुवात केली. तोंड वाकडं करणाऱ्याला अर्धी फेरी जास्त. ए बाई म्हणून हाक मारणाऱ्याला एक फेरी. लहान मुलांना कधी नाही, म्हाताऱ्यांना कधी नाही, आणि जी माणसं बोटीत चढताना नीट हात देऊन बसायची त्यांना कधीच नाही. म्हणजे तिच्या लेखी यात न्याय होता. दुष्ट म्हणायचं तर म्हणा तिला. पण जन्मभर ज्याचं कुणी ऐकलं नाही, त्याच्यासमोर माणसं डोक्यावर हात ठेवून गयावया करायला लागली की काय होतं, हे स्वतः त्या फळीवर बसल्याशिवाय कळायचं नाही. रोज जेवताना नवरा विचारायचा, “आज सगळं ठीक?” आणि ही ताटात बघून म्हणायची, “ठीकच की.”

मग एक डॉक्टरीण आली. नवऱ्याबरोबर, सुट्टीला. तशी बोलायला गोड. जॅकेट चढवताना मागचीला म्हणाली, “तुमचं बरं आहे. आम्ही मरमर मरतो आणि तुम्हाला नुसतं बसून राहायचं.” हिणवण्यासाठी म्हणाली नव्हती. दमलेली बाई, सहज बोलली. पण त्या दिवशी सकाळीच जाऊ मोरीपाशी रोजावरच्या बाईला, हिच्या कानावर जाईल असं, म्हणाली होती, “बसूनच तर असते महाराणी.” एकच गोष्ट एका दिवसात दोनदा ऐकली, आणि मागचीच्या अंगाचा तिळपापड झाला.

दाढेच्या अलीकडे पहिल्या वळणावरच डॉक्टरणीचा हात डोक्यावर गेला. मागची म्हणाली, “चल.” दुसऱ्या वळणावर बाईने एक हात सोडून पूर्ण पंजा डोक्यावर दाबून धरला. चेहरा पांढराफटक. “चल,” मागची म्हणाली. आता एका हाताने धरलेली बाई लाटेवर किती टिकणार? चकती उसळली, बाई उडाली आणि पाण्यावर अशी आदळली की खांदा निखळला. मग मागची थांब म्हणाली. स्वतः उडी मारून तिला धरलं, बोटीपाशी आणलं, वर चढवलं. सगळं नीट केलं. पोहण्यात हिचा हात कोण धरणार? वाळूवर बाईला निजवलं तेव्हा लोक हिचंच कौतुक करत होते.

पण डॉक्टरणीचा नवरा किनाऱ्यावरून फोनवर चित्रण करत होता, चांगलं जवळ खेचून. त्याने आरडाओरडा केला नाही. बायकोला लाँचमध्ये बसवलं, आणि निघण्याआधी बोटवाल्याला बाजूला घेऊन फोन त्याच्या हातात दिला. बोटवाल्याने बघितलं. डोक्यावर हात ठेवलेली बाई बघितली. तिच्याकडे टक लावून बसलेली आपली बायको बघितली, आणि तिच्या ओठांची हालचाल बघितली. परत एकदा बघितलं. मग फोन परत दिला आणि लाँच सुटेपर्यंत धक्क्यावर उभा राहिला.

मागचीला वाटलं, आज मार बसणार. बसला असता तर बरं झालं असतं. तो घरात आला, पाणी प्याला आणि म्हणाला, “दिसलं नव्हतं?”

“सूर्य डोळ्यावर होता,” ती म्हणाली.

“सूर्य तुझ्या पाठीला होता,” तो म्हणाला. बस, एवढंच. त्याने पुढे विचारलं नाही, रागावला नाही, कुणाला सांगितलंही नाही. पण तेव्हापासून बोटीत तिने चल म्हटलं की तो क्षणभर थांबायचा, आणि मगच इंजिनाचा जोर वाढवायचा. ते थांबणं तिच्या पाठीला लागायचं. वाटायचं, त्याने एकदा मागे वळून दोन लगावाव्यात आणि प्रकरण मिटवावं.

मग एके दिवशी लाँचमधून एक खोकं आलं. वर काच, जपून, असं लिहिलेलं. त्याने ते शेडमध्ये उघडलं. आत रुंद, बाहेरून फुगीर आरसा होता, जाड दांडीचा. जाऊ कधी नव्हे ती स्टुलावरून उठली. “हे काय?”

“आरसा. पुढच्या काचेवर बसवायचा. मागचं सगळं दिसतं. ऑफिसचा नियम मी परत वाचून आलो. मागे बघायला माणूस हवा, नाहीतर आरसा.” तो दांडीचे स्क्रू फिरवत होता, वर बघत नव्हता. “आरशाला कुणाचा राग येत नाही.”

जाऊ मागचीकडे वळली. इतक्या वर्षांनी बोलली, आणि बोलली काय, तर, “रोजावरच्या बाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगते.” जॅकेटांच्या ढिगाकडे तिने नुसती मान उडवली.

मागची पुढे झाली. तिने नवऱ्याचा दंड धरला, जावेदेखत. “अहो, एकदा चुकलं. परत नाही होणार. आरशात काय दिसणार आहे? पाणी उडतं, ऊन चमकतं. आरसा काय ओरडून सांगणार आहे तुम्हाला? कुणाच्या जिवावर बेतेल.”

“बेतेल तर बेतेल. बघू लावून,” तो म्हणाला. “दुपारी गिऱ्हाईक नसतं. तू बस चकतीवर, मी आरशात बघतो. दिसलं नाही तर तू परत मागे. दिसलं तर मग काही बोलायचं नाही.”

मागचीला यात आशा दिसली. तिने लगेच हो म्हटलं. जॅकेट घालायला गेली, तर जावेने दिलं नाही. म्हणाली, “माशाला कशाला जॅकेट?” आणि खरंच, तिला कशाला हवं होतं?

दुपारी ओहोटी लागली होती. दुसऱ्या लाँचची वेळ व्हायची होती, तोवर मुक्कामाला राहिलेली दहा-बारा माणसं सावलीत बसली होती. मागची चकतीवर पालथी पडली. तिने उभ्या जन्मात चकती या टोकाकडून बघितली नव्हती. समोर बोट, बोटीत नवऱ्याची पाठ, पाठीपलीकडे वर तो नवा आरसा, आणि आरशात त्याचं तोंड बोटाएवढं. दोर ताणला आणि निघाली.

पहिल्या लाटेलाच हनुवटी रबरावर आपटली आणि जीभ चावली. पाण्याचे सपकारे डोळ्यांत बसायला लागले. बोट सुसाट चालली होती. तो रोज एवढी जोरात पळवत नाही, हे तिला पाठीला पाठ लावून बसल्याने चांगलं ठाऊक होतं. वळणावर चकती बाहेर फेकली गेली, एका कडेवर उभी राहिली, परत आपटली. कण्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. ती ओरडली. ओरडताना तिच्याच लक्षात आलं की ओरडणं धरत नाहीत. तिने उजवा हात सोडला आणि पंजा डोक्यावर ठेवला.

बोट पळतच राहिली.

तिने हात डोक्यावर दाबून धरला. एका हाताने धरलेलं माणूस किती टिकतं हे तिला माहीत होतं, अगदी नक्की माहीत होतं. आणि तशातही तिला बरं वाटलं. त्याला दिसत नाही. बघा, सांगितलं नव्हतं? आरशात काही दिसत नाही. दाढ जवळ आली तसा तिने मनाशी निकाल लावला. पडायचं तर चांगलं पडू. मी गेले आणि याला पत्ताच लागला नाही, असं होऊ दे. शोधत फिरू दे रडवेला होऊन. तिने दुसरा हातही सोडला.

पाण्यात आदळली तेव्हा श्वास कोंडला. वर आली, खोकली. रिकामी चकती उड्या मारत दूर चालली होती आणि बोट वळत नव्हती. मागचीला खदखदून हसू आलं, नाकात पाणी असताना. ती सरळ दाढेच्या मागे गेली आणि पोखरलेल्या कडेला धरून राहिली. आता बसा म्हणावं शोधत.

बोट किनाऱ्याला लागलेली तिला दिसली. आता उलट फिरेल. फिरली नाही. लाँच आली, माणसं उतरली, शेडपाशी रंगीत जॅकेटं हलायला लागली. ओढ वाढत होती. खडकाला धरलेल्या तिच्या बोटांची सालं निघाली, गुडघा फुटला. मग बोट सुटली. आला, तिला वाटलं, आला एकदाचा. बोटीमागे चकती होती आणि चकतीवर तीन माणसं होती. तो धंद्यावर निघाला होता.

बोट दाढेला वळसा घालून गेली, इतक्या जवळून की चकतीवरच्या पोरीच्या कानातलं दिसलं. मागची खडकावर चढली, उभी राहिली आणि तिने हात डोक्यावर ठेवला. नवऱ्याचं तोंड वर होतं, आरशाकडे. बोट गेली. दुसऱ्या फेरीला तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. गेली. मग तिने वाट बघितली नाही.

परतीचं पोहणं काय सांगावं? ओहोटी भरात होती. पहाटे ती हसतखेळत जायची ते हेच पाणी, पण पहाटे अंग ठेचलेलं नसायचं. ती तिरकी निघाली, बापाने शिकवलं होतं तशी. किनारा समोर धरायचा नाही, बाजूला धरायचा. डावा खांदा उचलेना तेव्हा उजव्या कुशीवर वळली. दोनदा पाण्याखाली गेली आणि दोनदा वर आली, आणि दुसऱ्यांदा वर येताना जवळून पोहत जाणाऱ्या काळ्या पोशाखातल्या माणसाने तिला अंगठा दाखवला, छान, छान. जिवाची भीती वाटायला हवी होती. तिच्या मनात मात्र एकच घोकणं चाललं होतं. त्याला दिसलं नाही. पडले ते दिसलं नाही, हात दिसला नाही. आता सगळ्यांच्या देखत सांगते. आरसा द्या फेकून. मी परत मागे.

वाळू लागली ती शेडपासून बरीच लांब. चालत आली, पायातून रक्त येत होतं ते ओल्या वाळूवर पुसत आली. शेडपाशी लाँचची माणसं रांगेत होती, जाऊ स्टुलावर होती, नवरा दोराची गाठ बघत वाकला होता. मागचीने आधी श्वास घेतला. मग खणखणीत आवाजात, कधी नव्हे ती सगळ्यांसमोर, म्हणाली, “सांगितलं होतं मी. मी हात ठेवला, दिसला नाही. पडले, दिसलं नाही. दाढेवर उभी राहून दोन्ही हात ठेवले, तुम्ही दोनदा माझ्यावरून गेलात. तुमच्या आरशाला काही दिसत नाही.”

नवऱ्याने गाठ ओढून बघितली. पक्की होती. मग तो उभा राहिला.

“दिसलीस,” तो म्हणाला.

“काय?”

“सगळं दिसलं. पहिल्या वळणाला हात ठेवलास. मग दाबून धरलास. दाढेपाशी दोन्ही हात सोडलेस, मुद्दाम सोडलेस. मागच्या बाजूला जाऊन लपलीस. नंतर वर उभी राहिलीस.” त्याच्या आवाजात राग नव्हता, कामाचं सांगावं तसं तो सांगत होता. “चांगला आहे आरसा. थोडा डावीकडे कलवायला हवा, एवढंच.”

“मग थांबला का नाहीत?” ती म्हणाली. “ओहोटी होती. मी बुडले असते.”

तो तिच्याकडे बघत राहिला, त्या फोनमध्ये ती डॉक्टरणीकडे बघत होती तसाच, पापणी न हलवता. “तुला पोहता येतं,” तो म्हणाला आणि बोटीकडे गेला.

तिथे ती मोडली. मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, त्याला दिसलंच नसतं, तर तिने काहीही सोसलं असतं. एवढे दिवस तो तिच्याकडे बघत नाही असं तिला वाटायचं. त्याने बघितलं, पुरतं बघितलं, आणि पुढे निघून गेला. रांगेतल्या कुणीतरी विचारलं, “काय झालं हो यांना?” जाऊ म्हणाली, “काही नाही, घरातलं आहे,” आणि तिने ओल्या जॅकेटांचा ढीग पायाने मोरीकडे सरकवला.

हे सगळं झाल्याला आता पुष्कळ दिवस झाले. मागच्या फळीवर पेट्रोलचा कॅन बांधून ठेवलेला असतो. बंदराच्या ऑफिसचा माणूस आरसा बघून खूश होऊन गेला. मागचीला मागची म्हणणं लोकांनी सोडलं, दुसरं काही म्हणायला लागले नाहीत. ती पहाटे पोहायला जात नाही. डावा खांदा वर जात नाही, हे एक कारण ती सांगते. सकाळी जॅकेटं धुते, आणि गिऱ्हाइकांची गर्दी झाली की जाऊ तिला पुढे बोलावते, पट्टे आवळून द्यायला आणि खुणा समजावून सांगायला.

परवा एक नवी लग्न झालेली पोरगी आली होती. नवरा आधीच चकतीपाशी जाऊन हाका मारत होता. पोरगी घाबरलेली. ही तिचे पट्टे आवळत होती.

“अंगठा वर, जोरात. पंजा डोक्यावर, थांबणार,” ही म्हणाली.

“पण मागे बघायला कुणी नाही,” पोरगी म्हणाली. “मी हात ठेवला तर त्यांना दिसेल ना?”

हिने शेवटचं बकल लावलं, पट्टा ओढून बघितला.

“दिसतं,” ती म्हणाली. “त्यांना सगळं दिसतं.”